गिझर बंद करूनच आंघोळ: गरज की उगाच धास्ती?

कोथरूडकर
आमच्या घरचा नियम आहे, गिझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. काल आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, चालू राहिला तर आपण मरतो का?" ती खरंच घाबरली होती. म्हणून आकडे काढून बसलो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने देशभरात वर्षाला बारा हजारांच्या वर मृत्यू दिसतात. 140 कोटींत ते लाखामागे एकाच्या आसपास, आणि त्यात शेतातले पंप, तुटलेल्या तारा, सगळं आलं. रस्त्यावर वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं जातात. तरी मुलांना आपण हेल्मेटशिवाय स्कूटरवर पुढे उभं करतो. गिझरची धास्ती त्यांच्या मनात घालू नये असं माझं ठाम मत आहे.

शनिवारातली
हेल्मेटचं पटलं. पण तो आकडा ना तुमच्या घराचा, ना माझ्या. आमच्या वाड्यातलं वायरिंग टू-पिनच्या काळातलं. पुढे कोणीतरी थ्री-पिन सॉकेट बसवले, पण वरच्या भोकाच्या मागे अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, वायरच नव्हती! सासूबाईंच्या हाताला वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर मुंग्या यायला लागल्या, तेव्हा उघडून पाहिलं. तुमचा नवा फ्लॅट आणि आमचा वाडा एका सरासरीत घातला की दोघांनाही चुकीचंच उत्तर मिळतं.

कोथरूडकर
तरी एलिमेंटमधून, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून, करंटचं लीकेज हवं आणि अर्थिंगही तुटलेलं हवं. दोन दुर्मीळ गोष्टी एकाच वेळी. गुणाकार करून बघा.

धायरीचा वायरमन
साहेब, गुणाकार तिथेच चुकतो. एकाच वेळी व्हावंच लागत नाही. अर्थिंग तुटलं म्हणून दिवा विझत नाही की पंखा थांबत नाही. ते दहा वर्षं तसंच राहतं, आणि मग नुसतं एलिमेंट फुटायचं बाकी असतं. खडकवासल्याचं पाणी हलकं, पण आमच्याकडे बोअर आणि टँकर. जड पाण्याने एलिमेंटवर क्षार चढून त्याचा पत्रा खाल्ला जातो, हे मी रोज बघतो.

बोर्डात एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो शॉर्ट सर्किट आणि जास्त लोडसाठी. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून (करंट आणणारी तार) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीची तार) परत आला का, हे तो ताडतो, नाही आला तर वीज तोडतो, म्हणून अर्थिंग नसलेल्या वाड्यातही चालतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर मात्र त्याला काही कळत नाही. आणि टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असंही नाही. ते वेगळं तपासून घ्यावं लागतं.

शनिवारातली
मग गिझर बंद करायला काय जातं? एक बटण तर दाबायचं.

धायरीचा वायरमन
बटण न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर बंद करूनही गिझरमध्ये फेज राहतो, ताई. जुन्या घरांत मला असं सापडलंय.

कोथरूडकर
गुणाकार चुकला, मान्य. अर्थिंग या आठवड्यात तपासून घेतो. पण हेही बघा, त्या बटणावर विसंबून आम्ही इतकी वर्षं अर्थिंगकडे पाहिलंच नाही. लेकीला "बंद कर नाहीतर मरशील" हे मी आता सांगणार नाही.

शनिवारातली
मरशील म्हणू नका, कारण समजावून सांगा. आमच्याकडे आरसीसीबी बसवून तीन वर्षं झाली, तरी आंघोळीआधी गिझर बंदच होतो आणि होत राहील.