नागपूरच्या सदर भागातला बार बंद झाला, त्यात रडायचं काय?

सदरकर
काल एकानं लिहिलं, "सदरचा जुना परमिट रूम गेला म्हणून गळे काढू नका, एक गुत्ता कमी झाला." डोकं फिरलं वाचून. गुत्ता नव्हता बाप्पा तो! हिवाळी अधिवेशन लागलं की मुंबईचे पत्रकार, आमदारांचे पीए, मोर्चातून थकून आलेले युनियनवाले एकाच हॉलात बसायचे. ज्या करारानं विदर्भ महाराष्ट्रात आला तो नागपूर करार आणि वेगळा विदर्भ, यावर तिथं ऐकलेली भांडणं मी कोणत्याच सभेत ऐकली नाहीत. एका क्वार्टरवर रात्र काढली तरी कोणी उठ म्हणत नव्हतं.

आणि गिऱ्हाईक तुटलं म्हणून नाही बंद पडला. हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही, या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं 1 एप्रिल 2017 ला शटर पडलं. जुलैत कोर्टानंच सांगितलं, शहराच्या हद्दीत हा नियम नाही. शटर पुन्हा उघडलं, पण तोवर आचारी दुसरीकडे लागला होता. मग 2020 चा लॉकडाउन. मग 2023 ला व्हॅट 5 चा 10 टक्के, 2025 ला एक्साइज दीडपट आणि परवाना फी 15 टक्क्यांनी वर. कोण टिकंल?

वर्धेची लेक
आमच्या जिल्ह्यात मी जन्मायच्या आधीपासून दारूबंदी आहे. माझा बाप नागपूरच्या अशाच हॉलात पगार संपवून शेवटच्या गाडीनं घरी यायचा. तुम्हाला कोणी उठ म्हणत नव्हतं ना? त्यालाही कोणी म्हटलं नाही. डिसेंबर 2010 ला चंद्रपूरच्या बाया दारूबंदीसाठी चिमूरहून पायी अधिवेशनावर आल्या होत्या. त्यांची आठवण कोणी काढत नाही.

बल्लारपूरवाला
ताई, बंदीचं आम्हाला नका सांगू. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला लागली, 2021 ला उठली. मधल्या काळात आमच्या गल्लीतली पोरं दप्तरातून पव्वे पोचवत होती. माझा चुलतभाऊ बनावट माल पिऊन गेला.

वर्धेची लेक
भावाचं वाईट वाटलं. पण माल पोचू देणाऱ्यांना जाब विचारा, बंदीला नाही. 2015 ला पगार घरी आला का, हे घरच्या बाईला विचारलं का कधी?

बल्लारपूरवाला
आईला आत्ता विचारलं. सुरुवातीला आला म्हणते. घ्या, लिहिलं. नंतर तीच बाटली दुप्पट-तिप्पट भावानं यायला लागली आणि होतं तेही गेलं, हेही तीच म्हणते.

धरमपेठी
तुम्ही चंद्रपूरलाच मुक्काम केला राजेहो. आमच्या गल्लीत गच्चीवरचे लाउंज झाले, रात्री एकपर्यंत डीजे, फाटकासमोर गाड्या. वडिलांना ॲम्ब्युलन्स बोलावली तर ती चौकातच अडकली. त्यांचे परवाने बरे चालतात! जुन्या बारचा शेजाऱ्याला आवाज तरी नव्हता.

मेडिकल चौक
नाइट ड्यूटी करून आम्ही नर्सेस दोन घास खायला तिथं बसू शकलो असतो का? सगळ्यांचा होता म्हणता, म्हणून विचारते.

सदरकर
मागं पडद्याची फॅमिली रूम होती. ठीक आहे, हॉल पुरुषांचाच होता, मान्य. पण गुत्ता म्हणणाऱ्यानं हे सांगावं: ज्या वेटरकाकांचं उभं आयुष्य तिथं गेलं, त्यांना बंद होताना ग्रॅच्युइटी मिळाली नाही. त्यांच्यासाठी कामगार आयुक्तांकडं अर्ज करायचा आहे. ताई, तुम्ही सही कराल?

वर्धेची लेक
काकांसाठी करीन. बारसाठी नाही.