‘मोबियस’मधील लढाई फार वेगाने होते, डॉसबॉक्समध्ये काय बदलावे?

पंचवटीकर, नाशिक:
नमस्कार. ओरिजिन सिस्टिम्सने 1985 साली ॲपल टू संगणकासाठी काढलेल्या ‘मोबियस’ या खेळाची डॉस (विंडोजच्या आधीची संगणक प्रणाली) आवृत्ती मी घरच्या 64 बिट विंडोजवर चालवू पाहत आहे. थेट उघडल्यास विंडोज ती घेतच नाही. डॉसबॉक्समधून, म्हणजे जुने डॉस खेळ नव्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, खेळ सुरू होतो, परंतु समोरासमोरची लढाई लागली की बचावाची कळ दाबेपर्यंत प्रतिस्पर्ध्याने आपल्याला लोळवलेले असते. खेळच इतका अवघड आहे का? आणि सगळे हाताच्या चपळाईवरच ठरत असेल, तर याला रोल प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका वठवण्याचा खेळ, का म्हणतात?

जुना कीबोर्ड:
यात तुमच्या बोटांचा दोष नाही. त्या काळातील कित्येक खेळ प्रोसेसरच्या वेगावरच चालत, त्यामुळे यंत्र जलद झाले की शत्रूही जलद होतो. 64 बिट विंडोजमध्ये 16 बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही, म्हणून डॉसबॉक्ससारखे साधन लागतेच. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सायकल्स’ ऑटोवर न ठेवता 300 असा ठरावीक आकडा द्यावा. हा वेग साधारणपणे 4.77 मेगाहर्ट्झच्या जुन्या पीसीइतका असतो. खेळ चालू असताना कंट्रोल आणि एफ 11 दाबल्यास वेग घटतो, एफ 12 ने वाढतो. वेग लढाईतच जुळवावा, कारण अडचण तिथलीच आहे.

तालीमवाला:
दुसऱ्या प्रश्नाविषयी. तैवानमधील हेलुओ स्टुडिओने 1996 साली, युद्धकलेच्या कथा लिहिणारे चिनी कादंबरीकार जिन योंग यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे एकाच जगात आणून, डॉससाठी एक खेळ केला. त्यातील लढाई चौकटींवर, पाळीपाळीने होते; चपळाईचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक विद्या वापरून वापरून दहाव्या पायरीपर्यंत वाढते. नायकाला सुरुवातीला येणारा ठोसा इतका दुबळा असतो की बहुतेक जण तो लगेच सोडून देतात, पण जो चिकाटीने त्याच ठोशावर राहतो त्याला दहाव्या पायरीवर त्याची खरी ताकद कळते. आपल्याकडे वस्ताद नव्या पोराला डाव दाखवण्याआधी जोर-बैठका काढायला लावतो, त्यातलाच हा प्रकार. तिथे मेहनत पात्राच्या आकड्यांत साठते, ‘मोबियस’मध्ये ती खेळणाऱ्याच्या हातात उतरते, माझ्या मते दोन्हीकडे शिष्याचीच भूमिका आहे.

गंगाघाट:
हे अर्धेच पटते. केवळ मेहनत म्हणजे भूमिका नव्हे, वर्तनाचाही हिशेब हवा. तुम्ही सांगितलेल्या खेळातच सद्वर्तनाचे गुण मोजले जातात आणि शेवटी आपल्यासमोर सज्जन उभे राहणार की दुर्जन, हे त्यांवर ठरते. मला त्या ठोशापेक्षा हे अधिक मोलाचे वाटते. मात्र त्यातील सर्व मजकूर चिनी आहे, हे पंचवटीकरांनी आधीच लक्षात घ्यावे.

पंचवटीकर, नाशिक:
आभारी आहे. 300 वर पात्रे फारच रेंगाळत होती, 400 च्या पुढे लढाई नीट जमू लागली. लॅपटॉपवर एफ 11 साठी एफएन कळही धरावी लागते, हे इतरांसाठी नोंदवून ठेवतो.