मदत हवी आहे: गावच्या कला-उत्सवात संजा कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. सासरची शेती सांवेर तहसिलीत, शहरापासून तीसेक किलोमीटरवर, उज्जैनच्या वाटेला. गेल्या वर्षी गावातल्या बायका, शाळेतल्या मॅडम आणि कबीर गाणारी मंडळी यांनी मिळून पहिल्यांदाच दोन दिवसांचा कला-उत्सव केला. मांडणे (जमिनीवरची रेखाटनं), संजा (भिंतीवरची शेणाची चित्रं), भजनं, मुलांची नाटुकली, असं सगळं. यंदा ते जमवून आणायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी संजेपाशी अडलेय.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत कुमारिका रोज दुपार कलली की घराबाहेरच्या भिंतीचा एक चौकोन सारवून घेतात आणि त्यावर शेणानं आकृती काढतात. ओल्या शेणावर गुलतेवडीच्या, म्हणजे आपल्या तेरड्याच्या पाकळ्या लावतात. मग आरती, गाणी, प्रसाद. प्रसाद काय आहे ते आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखं ओळखायचं. दुसऱ्या दिवशी आकृती खरवडून टोपलीत ठेवायची आणि नवी काढायची. रोजची आकृती तिथीला धरून असते. चौथीला चौपड, छठीला छाबडी म्हणजे टोपली, सातमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, आठमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी म्हणजे म्हातारा-म्हातारी. शेवटच्या दिवसांत मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याच्या तटासारखी आकृती. त्यात चंद्र-सूर्य, शिडी, ढोली, कावळा, जाडी जसोदा आणि पतली पेमा या दोन बायका, सगळे हवेतच. अमावास्येनंतर सोळा दिवसांचं साठवलेलं सगळं नदीत नाहीतर तळ्यात सोडायचं.

आता गेल्या वर्षी काय झालं ते. आम्ही शाळेच्या पटांगणात मंडप घातला आणि संजेची स्पर्धा ठेवली. शाळेच्या भिंतीला ऑइल पेंट. पोरींनी दोन तास खपून किलाकोट काढला, हॅलोजन लागले आणि अर्ध्या तासात शेण वरून सुटायला लागलं. आठवीतली एक मुलगी दोन्ही तळहातांनी किलाकोट भिंतीला दाबून उभी राहिली, परीक्षक येईपर्यंत. कोपरापर्यंत ओघळ आले होते तिच्या. पहिलं बक्षीस बाजारातून आणलेल्या छापील कागदी संजेला मिळालं, कारण ती ‘सुबक’ होती. ती मुलगी रडली नाही. हात धुऊन घरी गेली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, कारण स्पर्धेची कल्पना माझी होती.

तर पहिला प्रश्न भिंतीचा. गावात आता बहुतेक घरं सिमेंटची आणि रंगवलेली. मातीच्या भिंती थोड्याच उरल्यात. शेण धरून ठेवेल असा पृष्ठभाग तयार करता येईल का? कुणी केलाय का?

दुसरा प्रश्न तिथीचा, आणि तो मला जास्त छळतोय. गावचे पटेल आणि काही वडीलधारे म्हणतात, पितरांच्या पंधरवड्यात मंडप, रोषणाई, पाहुणे नकोत, दिवाळीनंतर करा. वर सोयाबीनची कापणीही त्याच दिवसांत येते, घरात माणूस सापडत नाही. दोन्ही गोष्टी मला पटतात. पण संजा तर पितृपक्षातलीच. दिवाळीनंतर ती काढायची म्हणजे मार्गशीर्षात गुढी उभारण्यासारखं. पोरींना त्यातलं काय कळणार? नवमीला डोकरा-डोकरी का, तर त्या दिवशी नवमी आहे म्हणून. तिथी काढून घेतली तर नुसती चित्रकला उरते.

आणि चित्रकलेचं इंदूरला काही कमी नाही. देवळालीकरांनी १९२७ साली इथं चित्रशाळा काढली, ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन हे चित्रकार तिथूनच पुढे गेले. चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पानं आणि झाडाच्या साली हातात घेऊन या शहराला बघायला शिकवलं. त्याच शहरापासून तीस किलोमीटरवरच्या भिंतीवर आठवीतली पोर सोळा दिवसांत सोळा चित्रं काढते, हे शहरातल्या माझ्या मैत्रिणींना ठाऊकच नाही. त्यांनी यावं, बघावं असं मनापासून वाटतं. फक्त त्यांच्या सोयीच्या रविवारी संजा ‘सादर’ व्हावी असं वाटत नाही.

पैशांचंही सांगून टाकते. गेल्या वर्षी वर्गणीचे ३८,००० जमले. त्यातले १५,००० मंडप आणि साउंडला गेले आणि गाणाऱ्या मंडळींना आम्ही शाल-नारळ दिला. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला नारळ देणं मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. यंदा मानधन आधी बाजूला काढणार, मग उरेल त्यात बाकीचं. हे ठरलंय, याबद्दल प्रश्न नाही. उलट एक गोष्ट सापडली. रात्री दहाला नियमाप्रमाणे लाउडस्पीकर बंद केला, तर मंडळी शेजारच्या ओसरीवर जाऊन बसली आणि तंबुरा, मंजिऱ्या, ढोलक एवढ्यावर पहाटेपर्यंत गायली. मंडपात खुर्च्या रिकाम्या होत्या, ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

अनुभवी लोकांनी सांगावं. ‘चालतं हो, कोण बघतंय’ असा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद, उज्जैनहून

ताई, भिंतीचा उपाय सोपा आहे, आम्ही एका शिबिरात केला होता. जुन्या प्लायवर गोणपाट ताणून खिळे मारा. पिवळी माती, शेण आणि गव्हाचा बारीक भुसा एकत्र करून रात्रभर भिजत ठेवा. पहिला हात पातळ द्या आणि सावलीत वाळू द्या, उन्हात ठेवलात तर भेगा पडतील. मग दुसरा हात द्या. त्यावर संजा छान बसते. हॅलोजन अजिबात नको. त्या उष्णतेनं शेण वरून चटकन वाळतं, आतून ओलं राहतं आणि सुटतं. पणत्या किंवा कंदील ठेवा.

तिथीबद्दल मात्र माझं मत पटेलांच्या बाजूचं. गावाचं मन मोडून उत्सव करू नये.

प्रतिसाद, जळगावहून

आमच्याकडे भुलाबाई याच भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत महिनाभर असते. पितृपक्ष मधेच येतो, पण पोरींच्या गाण्यांना कुणी कधी आडकाठी केली नाही, कारण तो उत्सव आहे असं कुणाला वाटतच नाही. पोरी रोज घरोघर जातात, गातात, खाऊ ओळखतात, बस्स. तुमच्या पटेलांचा विरोध नीट ऐका, तो मंडपाला आहे, संजेला नाही. मंडप आणि बाकीचा कार्यक्रम दिवाळीनंतर घ्या. संजेच्या दिवसांत फक्त पाहुण्यांना गल्लीतून फिरवा. भिंत मंडपात नेण्यापेक्षा माणसं भिंतीपाशी नेलेली बरी.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही आभार. जळगावच्या ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी रविवारी गावात गेले आणि सरळ भिंती मोजल्या. मातीच्या अकरा निघाल्या, त्यातल्या सात एकाच गल्लीत, तळ्याकडे उतरणाऱ्या. पटेलांकडे गेले. मंडप नाही, लाउडस्पीकर नाही, स्पर्धा नाही, पाहुणे दुपारी येतील आणि आरती झाली की परततील, असं सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “वो तो हमारी छोरियाँ करती ही हैं, उसमें पूछना क्या.” कबीर मंडळी, मांडणे आणि नाटुकली कार्तिकात, सोयाबीन घरात आल्यावर. कापणीचा प्रश्नही त्यातच सुटला.

ज्यांच्या घराला मातीची भिंत नाही अशा मुलींसाठी उज्जैनच्या काकांच्या पद्धतीनं फळ्या करणार आहोत. त्या मंडपात जाणार नाहीत, ज्याच्या त्याच्या दारात टेकवून ठेवू. आठवीतली ती मुलगी आता नववीत आहे, तिच्या घराची भिंत सिमेंटची. पहिली फळी तिच्या दारात.

त्या सात घरांपैकी एका घरातल्या आजींनी किलाकोट शिकवायचं कबूल केलंय. त्यांच्या ओट्यावर बसले होते तेव्हा त्यांनी थोडं शेण घेतलं, जमिनीवरच पतली पेमा काढली आणि पाकळी नव्हती म्हणून अंगणातल्या तुळशीचं पान अंगठ्यानं दाबून बसवलं. बोट नाही, अंगठाच, आणि दाबताना किंचित फिरवायचा, म्हणजे पान उचलत नाही. मी तीनदा करून बघितलं तेव्हा एकदा जमलं.

मग त्यांनी विचारलं, फुलं कुठून आणणार? गावात आता गुलतेवडी कुणी लावत नाही. पूर्वी प्रत्येक कुंपणाला असायची. बाजारच्या झेंडूची पाकळी जाड, ती शेणात बसत नाही. पहिल्या पावसाबरोबर बी टाकलं तर पितृपक्षापर्यंत फुलं हाताशी येतील.

म्हणून आता शेवटची मदत मागते. इंदूर, देवास, उज्जैन, कुठंही कुणाकडे साध्या एकेरी तेरड्याचं बी असेल तर कृपया कळवा. गुलाबी, लाल, पांढरा, कुठलाही रंग चालेल. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. अकरा अंगणांपुरतं हवंय, आणि पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय.