कापडावर कागद, गंज आणि धावदोरा: काय जमलं, काय फसलं

गोधडीच्या थरांवर कागद, रंग, गंज, वितळलेलं कापड असे प्रयोग करणाऱ्यांनी कृती मापासकट लिहा. फसलेलंही लिहा.

०००

कापडावर कागद चिकटवायचा तर मांजरपाट आधी गरम पाण्यात धुवून खळ काढा, नाहीतर गोंद आत मुरत नाही आणि कागदाचा पापुद्रा सुटतो. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं. खाली प्लॅस्टिक. कापडावर एक हात, त्यावर चुरगळून सरळ केलेला पातळ कागद, वरून पुन्हा एक हात. रात्रभर वाळवा. ओलसर असताना मशीनवर घेतलं की सुईला गोंद धरतो आणि टाके सुटतात. सुई १४ नंबर, टाका ३ ते ३.५ मिमी. दीड मिमीच्या टाक्याने कागद पोस्टाच्या तिकिटासारखा टरकन् सुटतो. उसवायची वेळ येऊ देऊ नका, भोकं बुजत नाहीत.

०००

हाताने शिवणार असाल तर कागदाखाली साडीचे दोनच थर ठेवा. पाच थरांतून सुई ओढताना कागद फाटतो. कच्चा टाका वीतभर अंतरावर, मधून सुरू करून काठाकडे, म्हणजे सुरकुती बाहेर निघते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची ठिगळांची गोधडी) काठाकडून आत शिवत जातात हे खरं, पण तिथे ठिगळं शिवता शिवता लावली जातात, सुरकुती पुढच्या ठिगळाखाली जिरते. चिकटलेल्या कागदात ती जिरणार कुठे?

०००

गंज हवा असेल तर तो कागदाच्या आधी. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड, कोमट पाण्यात अर्धा तास, न धुता वाळवायचं. मग व्हिनेगरने ओलं करून खिळे गुंडाळा. लोखंड लागेल तिथे करडा-काळा रंग उतरतो, हिरडा नसेल तर नुसता तांबूस. रात्रभर पुरे. नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून बुचकळा आणि साध्या पाण्याने धुवा. लोखंड सूत खातं, सोड्याने ते फक्त मंदावतं. त्यामुळे विरलेल्या साडीवर हा खेळ नको, डागापाशीच कापड जातं.

०००

पॉलिस्टर ऑर्गंझा (पातळ, पारदर्शक कापड) वितळवताना दोरा सुतीच हवा. ऑर्गंझा आक्रसतो, सुती टाके न वितळता तसेच राहतात. दोऱ्याचं टोक जाळून बघा: राख झाली तर सुती, कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) वीतभर लांबून, खिडकी उघडी, तोंडाला मास्क. फेविकॉल उष्णतेने मऊ पडतो, म्हणून कागद इथेही शेवटीच.