सासूबाईंना पहिल्यांदाच चायनीज खायला न्यायचंय (मालवण). काय मागवू?

मेढ्यातली_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण मला त्याचं नीट उत्तर हवंय.

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून चूल त्यांच्याच हातात. बांगड्याचं तिखलं असो की तिसऱ्यांचं सुकं, वाटप अजून त्याच करतात. लग्नकार्य सोडलं तर दुसऱ्याने वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन त्या निवांत बसल्यात, असं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. परवा लेक पार्सलच्या डब्यातले नूडल्स खात होती. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. एकदम म्हणाल्या, "माका पण एकदा थंय बसान खावचा आसा."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं चायनीज आहे. सहा टेबलं, बाहेर लाल कागदी कंदील, आत भट्टीचा घोंघावणारा आवाज. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, त्यामुळे जागा मिळते. १ जूनपासून बोटीही किनाऱ्याला लागल्यात, घरात ताजं मासं जवळजवळ नाहीच. येत्या रविवारी जायचं ठरवलंय, कारण त्यानंतर दीपअमावास्या आणि मग श्रावण. आमच्याकडे तो कडक पाळतात.

आम्ही सात जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि डोंबिवलीहून आलेली नणंद. सासूबाईंना कवळी आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. सासऱ्यांनी अजिनोमोटोचा धसका घेतलाय. मुलांना ट्रिपल शेजवानशिवाय दुसरं काही सुचत नाही. सगळ्यांना पुरेल, पण मुख्य म्हणजे सासूबाईंना आवडेल असं काय मागवू? त्यांनी मला आणखी एक विचारलंय: चिनी लोक रोज हेच जेवतात का, आणि शेजवान म्हणजे काय? मला सांगता आलं नाही.

कढईवाला_कुडाळ

ताई, माझी स्वतःची चायनीजची गाडी आहे, अकरा वर्षं झाली. सातच्या आत जा. आठनंतर पार्सलची रांग लागते, मग कूक कोणाचं ऐकत नाही. त्याची चूक नसते, एका भट्टीवर चार ऑर्डरी असतात.

सगळं एकदम मागवू नका. आधी सूप, वन बाय टू करून. मंचाववरचे तळलेले नूडल्स वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे मुलं ते खातील आणि कवळीला त्रास होणार नाही. लॉलीपॉप एक प्लेट, फक्त मुलांसाठी. आजींना चिकन ग्रेव्हीतलं द्या, बोनलेस, बारीक कापायला सांगून. हॉट गार्लिक किंवा मंचुरियन, सोबत अंड्याचा फ्राइड राइस. सात जणांना दोन फुल राइस, एक हक्का नूडल्स आणि दोन ग्रेव्ह्या पुरे होतात. कमी पडलं तर नंतर सांगता येतं. ग्रेव्ही आली की गप्पा मारत बसू नका. कॉर्नफ्लॉवरने आलेला दाटपणा टिकत नाही, वेळ गेला की पाणी सुटतं.

कोळंबी आता नको. बंदीच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी ती बर्फातलीच असते, आणि मालवणच्या बाईला ते पहिल्या घासात कळेल.

सोडे_आणि_सुकट

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त रक्तदाबाबद्दल लिहिते. तुमच्या सासऱ्यांची काळजी चुकीच्या डब्याकडे वळलीय. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून अजिनोमोटोची ही चव वेगळी काढली. तीच चव टोमॅटोत असते, आपल्या सोड्यांतही असते. अजिनोमोटोत सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं आणि पदार्थात ते पडतं चिमूटभर.

खरं लक्ष सोया सॉसवर ठेवा. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. सूप, राइस आणि ग्रेव्ही तिन्हींत सोया पडला तर एका जेवणातच मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून सूप स्वीट कॉर्न घ्या आणि आजींसाठी राइस वाफेचा, साधा. चव ग्रेव्हीची येईल. त्या दिवशी दुपारच्या जेवणात लोणचं-पापड नको. गोळी मात्र नेहमीच्या वेळेला.

देवगडचा_वाचक

आजींच्या प्रश्नांची उत्तरं. चिनी लोक हे जेवत नाहीत. मंचुरियन मुंबईचं. १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने दाट केलं, असं मानतात. ते मूळचे कोलकात्याचे. तिथे चिनी वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे.

शेजवान म्हणजे सिचुआन, चीनचा एक प्रांत. तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे एक मिरीसारखं फळ. त्याची काळी बी टाकून देतात, वरचं टरफल वापरतात, आणि ते चावलं की जिभेला मुंग्या येतात. आजींना एवढं सांगितलंत की त्या स्वतःच नाव घेतील. ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, वनस्पतिशास्त्रात दोघांचा वंश (जीनस) एकच, झँथॉक्सिलम. आपल्याकडच्या शेजवान चटणीत मात्र लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर असतं, ते फळ नसतं.

मेढ्यातली_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे प्रतिसाद सासूबाईंना आदल्या रात्री वाचून दाखवले होते. तिरफळाचं ऐकून त्या उठल्या आणि डब्यातली सुकी तिरफळं कागदाच्या पुडीत बांधून पिशवीत ठेवली. मी काही बोलले नाही.

पावणेसातला पोचलो. पाऊस धो धो. कोपऱ्यातलं टेबल मिळालं, तिथून भट्टी दिसत होती, आणि सासूबाईंनी खुर्ची मुद्दाम तिकडे फिरवून घेतली. कढई आचेवरून उचलून कूक भात उडवत होता, ते त्या टक लावून बघत होत्या. स्वीट कॉर्न सूप आवडलं, पण त्यात थोडा नारळाचा रस हवा होता म्हणाल्या. हॉट गार्लिक चिकन मात्र दोनदा घेतलं. साध्या भातात कालवून, हाताने. काटा-चमचा बाजूला सारून सासऱ्यांनीही हातच लावला आणि मग आम्ही सगळेच तसे जेवलो. सासऱ्यांनी अजिनोमोटोचं नाव काढलं नाही.

मुलांच्या ताटातला शेजवान राइस त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला. "तिखाट आसा, पण तिरफळाचो वास खंय?" आणि पुडी काढून वेटरकडे दिली: आत दाखव.

कूक स्वतःच बाहेर आला. पंचविशीतला नेपाळी मुलगा, नॅपकिनला हात पुसत. त्याने पुडी नाकाशी धरली, एक टरफल दातांत धरलं आणि म्हणाला, "आमा, ये तो टिमुर है!" त्याच्या गावाकडे अशीच फळं असतात. भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीत त्याची आई ती घालते. सासूबाईंना हिंदी जेमतेम येतं, त्याला मालवणी नाही. तरी बी काढायची, टरफल नुसतं ठेचायचं, फार शिजवायचं नाही, हे दोघांनी हातवारे करून एकमेकांना सांगितलं आणि दोघांचं जुळलं. आमचं जेवण थांबलं होतं, पण कोणालाच घाई नव्हती.

दहा मिनिटांनी त्याने वाटीभर चटणी आणून ठेवली. टोमॅटो आणि लसूण भट्टीवर भाजून, हिरवी मिरची, मीठ आणि आमची तिरफळं. त्याचे पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी उरलेला भात त्या चटणीशी संपवला. पंधरा वर्षांत त्यांना दुसऱ्यांदा भात मागून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आज सकाळी सासूबाईंनी आचऱ्याला माहेरी फोन करून भावाकडे शेरभर तिरफळं मागितलीत. अर्धी त्या मुलासाठी. श्रावणात चिकन बंद, म्हणून आता मला विचारतायत की त्याला ती चटणी घालून पनीर जमेल का. कुडाळचे दादा, तुम्हीच सांगा, कसं करायला सांगू?