प्रतिसाद: हाडाविना जीभ लांबते कशी?

वरील चर्चेत दोन मुद्दे आले आहेत: जिभेत हाड नसताना ती ताठ होऊन बाहेर कशी येते, आणि चावताना तिचे काम केवळ घास मागे ढकलण्याचे असते का.

पहिल्याचे उत्तर आकारमानात आहे. स्नायूंचे आकारमान जवळजवळ बदलत नसल्यामुळे जिभेतील आडवे आणि उभे तंतू आकुंचन पावले, की ती अरुंद होऊन लांबीला वाढते. तिची जाडी सर्व बाजूंनी 10 टक्क्यांनी घटली तर लांबी सुमारे 23 टक्क्यांनी वाढेल, असे साधे गणितच सांगते. हत्तीची सोंड याच तत्त्वावर चालते. अर्थात, हनुवटीच्या हाडापासून निघणारा स्नायू जिभेचा मागचा भाग पुढे ओढतो, हेही विसरता कामा नये.

दुसरा मुद्दा मला अधिक रंजक वाटतो. जबडा सावकाश उघडू लागतो तेव्हा जीभ पुढे सरकून घासाखाली जाते, तो वेगाने उघडताना मागे येते, आणि दात मिटण्यापूर्वी स्वतःच्या लांबीभोवती पिळून घास चावणाऱ्या बाजूच्या दाढांवर लोटते; पलीकडून गाल तो सावरून धरतो. इतक्या जवळून दात मिटत असूनही जीभ क्वचितच चावली जाते.

पाणी पिताना मांजर जिभेचे टोक मागे वळवून पृष्ठभागाला नुसते टेकवते आणि झटक्यात वर उचलते, त्यासरशी उठलेला पाण्याचा स्तंभ कोसळण्याआधी तोंड मिटते. कुत्राही मुळात हेच करतो, फक्त बराच सांडून.