प्लाझ्मा कटिंगच्या पाण्याच्या टेबलावर गंज आणि उडणारे पाणी: काय उपाय करावा?

प्रश्न: अवधानचा फॅब्रिकेटर (धुळे)

नमस्कार मंडळी. धुळ्याजवळच्या अवधान औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. ट्रॉलीचे भाग, कल्टिव्हेटरच्या पट्ट्या, रोटाव्हेटरच्या बाजूच्या प्लेट अशी कामे आम्ही सीएनसी प्लाझ्मावर (विजेच्या आर्कने तापलेल्या हवेच्या झोताने पत्रा कापणारे संगणकचालित यंत्र) करतो आणि बहुतेक माल ३ ते १२ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा असतो. पत्रा ज्यावर ठेवून कापतो ते टेबल पाच बाय दहा फुटांचे असून त्यात धूर व ठिणग्या धरण्यासाठी साधारण १५ सेंटिमीटर पाणी असते, आणि ते पाणी आवारातल्या बोअरचे आहे.

अडचणी दोन आहेत. संध्याकाळी कापून टेबलावरच राहिलेला पत्रा सकाळी खालच्या अंगाने भगवा झालेला असतो, आणि प्रायमर मारण्याआधी तो पुन्हा घासावा लागतो. दुसरे असे की कापणी सुरू करण्यासाठी भोक पाडताना पाण्याचा फवारा थेट टॉर्चवर (कापणाऱ्या तोंडावर) येतो, नोझल लवकर खराब होते आणि रेलवर व रॅकवर पांढरट चिखल बसतो. पाण्यात धुण्याचा सोडा टाका असे एक जण सांगतो, लेथवरचे कटिंग ऑइल मिसळा असे दुसरा म्हणतो, आणि थोडे डिझेल ओता असा सल्लाही मिळाला आहे. यातले काय करावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.

उत्तर: जलशुद्धीवाले काका (भुसावळ)

डिझेलचा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. ते पाण्यावर तरंगते आणि त्याच्यावर आपण हजारो अंश तापमानाचा आर्क चालवतो, त्यामुळे याहून अधिक काही सांगण्याची गरज नसावी. कटिंग ऑइलने गंज काही अंशी थांबतो हे खरे आहे, परंतु धूर व फेस वाढतो, पाणी लवकर कुजते आणि कडेला बसलेला तेलाचा थर प्रायमरला धरू देत नाही.

आता पाण्याविषयी. हवेवर चालणाऱ्या प्लाझ्मात हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ते पाण्यात विरघळून आम्ल बनते आणि आपले पाणी दिवसेंदिवस आम्लाकडे झुकत जाते. त्यात बोअरच्या पाण्यातले क्लोराइड असतेच. हे क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. आपल्याकडे वैशाखात टेबलातले पाणी भराभर उडून जाते आणि आपण वरून पुन्हा बोअरचेच पाणी भरतो, पण उडते ते फक्त पाणी. क्षार सगळे मागे राहतात. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो खडूसारखा थर चढतो, तेच इथे टाकीत घडते. म्हणून कोणतीही पावडर आणण्याआधी एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, तळाचा गाळ काढून, नवे पाणी भरावे. पहिल्या भरणीला बोअरचे पाणी नाइलाजाने चालेल, पण रोजची भर मात्र आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची असावी. आपल्या मापाच्या टेबलात पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे ४६ लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे दोन-तीन जार. हा खर्च पत्रे पुन्हा घासण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे.

धुण्याचा सोडा वाईट नाही, मात्र तो अंदाजाने ओतू नये. पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) ८.५ ते ९.५ च्या दरम्यान राहील इतकाच घालावा. जड पाण्यात सोडा पडला की ते दुधाळ होते, कारण त्यातला चुना खाली बसू लागतो. रेलवरच्या ज्या पांढरट चिखलाचा उल्लेख आपण केला आहे, तो सोडा जास्त झाल्यास आणखी वाढेल. शिवाय सोडा पाण्याचे आम्ल मारतो, पण लोखंडावर स्वतः भक्कम थर धरत नाही. ते काम सोडियम नायट्राइट करते. आपल्या टाकीत अंदाजे ७०० लिटर पाणी आहे, त्यात एक किलो नायट्राइट म्हणजे बंद कूलिंग यंत्रणेत ज्या प्रमाणात ते वापरतात, जवळपास तेवढेच प्रमाण झाले. क्लोराइड जास्त असेल तर मात्रा थोडी वाढवावी लागते. काटकसर म्हणून पाव किलोच टाकणे घातक ठरते, कारण अपुऱ्या नायट्राइटने बहुतेक ठिकाणचा गंज थांबतो आणि उरलेल्या ठिकाणी तो खोल खड्डे पाडतो.

नायट्राइटबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुकानातून आणताना नायट्रेट आणू नये, लेबल वाचूनच घ्यावे. ते दिसायला मिठासारखे आणि पोटात गेल्यास विषारी आहे, म्हणून डबा कुलपात ठेवावा आणि चहापाण्याच्या जागेपासून लांब ठेवावा. ते आम्लाच्या किंवा कटिंग ऑइलच्या संपर्कात येऊ देऊ नये. आम्लात त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बऱ्याच कटिंग ऑइलमध्ये असणाऱ्या अमाइनबरोबर त्यातून कर्करोगकारक संयुगे तयार होतात. तेव्हा आपल्याला सुचवलेल्या उपायांची खिचडी करू नये.

पाण्याला वास येऊ लागला की काही जण टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात. ती टाकू नये. तिच्यातून क्लोराइड वाढते आणि ती नायट्राइटचे नायट्रेट करून टाकते, म्हणजे घातलेले औषध वाया जाते. वासाचे जंतू बिनहवेच्या गाळात वाढतात, त्यामुळे गाळ वेळोवेळी काढणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

उत्तर: प्लाझ्मा सर्व्हिस (जळगाव एमआयडीसी)

काकांनी पाण्याचे नीट सांगितले आहे, मी टॉर्चवर पाणी उडण्याकडे वळतो. भाऊ, तुमचे पाणी पत्र्याच्या किती खाली आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, पण वर्णनावरून ते पत्र्याला जवळजवळ टेकलेले असावे. भोक आरपार जाण्याआधी वितळलेल्या लोखंडाला वर येण्यावाचून वाट नसते. आरपार गेल्याक्षणी टॉर्चच्या हवेचा झोत खालच्या पाण्यावर आदळतो, आणि पाणी जवळ असेल तर वाफ व पाणी दोन्ही त्याच भोकातून वर येतात. पातळी पत्र्याच्या खाली ५ ते ७ सेंटिमीटर ठेवून पाहा. धूर थोडा वाढेल, म्हणून शेडचा एक्झॉस्ट चालू ठेवावा लागेल.

तरीही टॉर्चवर शिंतोडे येत असतील तर सेटिंग तपासावे. भोक पाडण्याची उंची कापण्याच्या उंचीच्या दीड ते अडीच पट असावी. नेमका आकडा तुमच्या टॉर्चच्या तक्त्यात जाडीप्रमाणे दिलेला असतो. भोक आरपार जाण्याच्या आत टॉर्च पुढे सरकू लागला तर सगळा रस उलटा उसळतो, म्हणून थांबण्याचा वेळ १२ मिलिमीटरला ३ मिलिमीटरइतकाच ठेवून चालत नाही. भोक नेहमी भंगारात जाणाऱ्या भागात घ्यावे, आणि जाड प्लेट शक्य तेथे कडेपासून सुरू करावी. एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: आर्क बंद झाल्यावरही नोझल थंड करण्यासाठी हवा काही सेकंद चालूच राहते, आणि कापलेला तुकडा खाली पडला असेल तर ती हवा उघड्या पाण्यावर सरळ मारा करते. यासाठीही पातळी खाली असणे हाच उपाय आहे.

पाणी खाली-वर करण्याची सोय असेल तर निम्मी कटकट संपते. टेबलाशेजारी ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी, एक लहान पंप आणि तळाला व्हॉल्व्ह एवढे पुरते. ७ सेंटिमीटर पाणी उतरवले तरी ते सव्वातीनशे लिटरच्या आसपास भरते. दिवस संपताना पाणी उतरवून ठेवले की रात्रभर पत्र्याखाली दमट हवा कोंडत नाही. त्याहून चांगले म्हणजे त्याच पाळीत माल उतरवून, एअरगनने फुंकून, उभा रचावा. ओले पत्रे एकावर एक आडवे ठेवले तर मधल्या फटीत अडकलेले पाणी पहाटेपर्यंत आपले काम करतेच. आणि हो, अर्थचा क्लॅम्प गंजलेल्या पट्टीला न लावता थेट प्लेटला लावा. आर्क अडखळण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

अवधानचा फॅब्रिकेटर (धुळे)

काका आणि दादा, मनापासून आभार. पातळी खरोखरच पत्र्याला टेकलेली होती. आणखी दोन शंका आहेत. अॅल्युमिनियमच्या ५ मिलिमीटर प्लेटचे एक काम येऊ घातले आहे, ते याच टेबलावर घ्यावे काय? आणि काढलेला गाळ व जुने पाणी कुठे टाकावे? मागच्या बाजूला नाला आहे.

उत्तर: जलशुद्धीवाले काका (भुसावळ)

नाल्यात मुळीच टाकू नका. नायट्राइटचे पाणी जनावरे प्यायली तर ती दगावू शकतात. गाळात स्टेनलेसचे काम मिसळले असेल तर विषारी क्रोमियम आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापला असेल तर जस्तही असते. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या दृष्टीने त्याचे काय करायचे, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. तोवर गाळ झाकणाच्या ड्रममध्ये साठवावा.

अॅल्युमिनियमबद्दल मी अधिक कडक आहे. पाण्यात पडलेला ताजा अॅल्युमिनियमचा गाळ हायड्रोजन सोडत राहतो, आणि सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी झालेले असेल तर हे आणखी जोरात होते. वर मोठी प्लेट झाकलेली असली की वायू तिच्याखाली साचतो आणि सकाळच्या पहिल्या ठिणगीला स्फोट होतो. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. आपल्या आत्ताच्या पाण्यावर हे काम घेऊ नये. टाकी पूर्ण उपसून कोरड्या टेबलावर, चांगल्या एक्झॉस्टसह ते करता आले तर करावे, नाहीतर ते बाहेरून कापून आणावे. पाण्यावरच करणे भाग पडले तर गाळ आधी पूर्ण काढावा, सोडा न घातलेले नवे पाणी भरावे, ते प्लेटपासून बरेच खाली ठेवावे, तळाशी भोके पाडलेल्या नळीतून सतत हवा सोडावी आणि काम संपल्यावर प्लेट टेबलावर राहू देऊ नये. अॅल्युमिनियम-लिथियमचा मिश्रधातू मात्र पाण्याजवळही नेऊ नये.

पीएच तपासायला महागडे यंत्र लागत नाही. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचे सामान पुरवणाऱ्या दुकानात पट्ट्या मिळतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा पाहिले तरी पुरे. सोबत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटरही घ्या, त्यावरून पाणी केव्हा बदलायचे ते कळेल.